पहिली उतरेल तिची फांती

माझ्या घरमालकाशी माझी ओळख झाली ती भांडणानेच म्हणायला हवी. भांडले मी एकटीच, तेही मनातल्या मनात. पण राग खरा होता.

गोवा मुक्त होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. इब्रामपूरच्या शाळेतून माझी नार्व्याला बदली झाली. पणजीच्या कचेरीतून हुकूम घेतला आणि दिवाडी बेटावरून फेरीबोटीने नार्व्याला निघाले. हातात पत्र्याची ट्रंक होती आणि पलीकडच्या काठावर ओळखीचं कोणी नव्हतं. फेरीची फळी धक्क्यावर आपटली, तशी ट्रंकेच्या ओझ्याने कावलेली मी सगळ्यांना ढकलून आधी उतरले. समोर एक उंच, वाळकुडा म्हातारा उभा होता. खाकी अर्धी विजार, पांढरंशुभ्र गंजीफ्रॉक, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. त्याने केळीच्या पानाची पुडी उलगडली आणि अबोलीची फांती, म्हणजे केसांत माळायचा गजरा, माझ्यापुढे धरली.

"घे गो बाय."

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. कपाळ मोकळं, गळा मोकळा. आंधळ्यालाही कळलं असतं.

"माका चलना," मी म्हटलं. "हांव..." पुढचं वाक्य पुरं करायची मला अजून सवय झाली नव्हती.

"फेरीर चडटना तुका कोणें विचारलें, घोव आसा काय ना म्हूण?" म्हातारा म्हणाला. "पयली देंवली ती तूं. ही तुजी. आतां बाजूक जा, फाटल्यान मोटारी येतात."

आणि माझ्या कानाशी त्याने अशी शिट्टी फुंकली की मी ट्रंकेसकट बाजूला झाले. फांती हातात आली होती. चार पावलांवर एका दगडावर ती ठेवून दिली आणि मागे न बघता चालू लागले. या गावात पाऊल टाकल्या टाकल्या माझी थट्टा झाली असं मला वाटत होतं. संध्याकाळी शाळेचा शिपाई खोली दाखवायला घेऊन गेला तो नेमका त्याच म्हाताऱ्याच्या अंगणात.

गाव त्यांना तांडेल म्हणे. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. आधी होडी, मग फेरीबोट, अशी सारी हयात त्यांनी ती नदी आडवी कापण्यात घालवली होती. मी त्यांना मामा म्हणू लागले, आणि मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी 'गो बाय' सोडून मला 'बाई' आणि 'तुमी' सुरू केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी नदी ओलांडायची बंद केली. "आतां पलतडीं म्हजें कांय काम ना," असं म्हणत. पण फेरी काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. घर त्यांनी फेरीसारखंच चालवलं. सोप्यावर दोन पाहुणे एकाच बाजूला बसले की ते अस्वस्थ होत. "एकाच कुशीक बसूं नाकात," म्हणत आणि एकाला उठवून समोर बसवत, तेव्हाच त्यांचा जीव भांड्यात पडे. मी शाळेला निघताना 'येतें' म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'देंवतां', म्हणजे उतरते, म्हणावं लागे. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब चहाला आले, तर त्यांच्या आधी त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला चहा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "जो पयलो चडलो, तो पयलो." साहेब मागून पायऱ्या चढले होते, हे खरंच होतं.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी चाले तो होता अंगणातला अबोलीचा वाफा. वाफा कसला, घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत दोन ओळी. गुडघ्याएवढी वीस-बावीस झुडपं. मी अबोली पाहिली नव्हती असं नाही. आमच्या पेडण्यात घरोघरी असते. पण ही वेगळी होती. नेहमीच्या केशरी अबोलीपेक्षा फिकी, आणि पाकळीच्या कडेला किंचित गुलाबी. "उकडिल्ल्या सुंगटाचो रंग," असं मामा सांगत. कोळंबीची उपमा फुलाला देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण एकदा ते ऐकल्यावर मला त्या फुलाचा दुसरा रंग कधी दिसला नाही.

झाडांना पाणी ते भरतीला घालत. भरती आली की मुळंही वर बघतात, असं त्यांचं ठाम मत. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे पाणी घालायची वेळही सरकत जाई. कधी सकाळी सातला, कधी भर दुपारी बाराला. "मामा, बाराच्या उन्हात झाडांना पाणी घालू नये, पुस्तकात लिहिलंय," असं मी एकदा शहाणपण केलं. त्यांनी विचारलं, "पुस्तक बरयता तो खंयच्या न्हंयचो?" पुस्तक लिहिणारा कुठल्या नदीचा, ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या झाडांना कधी काही झालं नाही. रविवारी मासळी धुतलेलं पाणी मुळाशी जाई. त्या दिवशी अंगणात मी नाक धरून वावरत असे आणि मामा मात्र गुलाबपाणी शिंपडल्यासारखे खूष.

नदीच्या वरच्या अंगाला खनिज भरायचा धक्का होता. पावसाळा सरला की तिकडून तांबडी धूळ यायची ती थेट जेठ महिन्यापर्यंत. जनेल, म्हणजे खिडकी, उघडं राहिलं की भातावरही तिचा थर. मामा रोज सकाळी मलमलीचा ओला फडका घेऊन अबोलीचं एकेक पान पुसत. वरून, मग खालून. वीस झुडपांची पानं मोजा म्हणजे काय काम ते कळेल. मी त्यांना हसायची. मग एके दिवशी, का कोण जाणे, दुसरा फडका घेऊन पलीकडच्या ओळीत बसले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्या समोरच्या कुशीला बसले आहे हे बघून समाधानाने मान हलवली.

फुलं खुडून, केळीच्या सुकवलेल्या दोऱ्यात ओवून, रोज एक फांती. आणि ती घेऊन पहिल्या फेरीला धक्क्यावर. पहिली उतरेल ती बाई, मग ती कोणी का असेना. मासे विकायला जाणारी असो, बाळंतपणाला आलेली असो, कोर्टात निघालेली असो. एकदा पहिली उतरली ती एक मादर, कॉन्व्हेंटमधली जोगीण. धक्क्यावरची माणसं श्वास रोखून उभी. मामांनी फांती पुढे केली. मादर म्हणाली, "अरे, म्हाका केंसूच दिसनात, हांव खंय माळूं?" मामा विचारात पडले. मग म्हणाले, "सत्री आसा न्ही?" मादर खळखळून हसली आणि अबोली छत्रीच्या मुठीला बांधून बसमध्ये चढली. ती पुढे महिन्यातून एकदा तरी धावतपळत पहिली उतरायची, असं लोक सांगत.

गावात सगळ्यांनाच हे रुचत होतं असं नाही. देवळाला फुलं का देत नाही, असं एकदा कोणीतरी विचारलं. "देवाक जासवंद आसा," मामांनी सांगितलं. विधवेला फुलं देतो म्हणूनही कुरकुर होती. ती कुरकुर माझ्यामुळेच सुरू झाली हे मला ठाऊक होतं. मीही त्या कुरकुरीच्या बाजूचीच होते म्हणा ना. सहा वर्षांत चार-पाच वेळा मी फेरीवरून पहिली उतरले असेन. दर वेळी मामा फांती देत, दर वेळी मी ती हातात घेऊन घरी येत असे आणि तुळशीला वाहत असे. मामा बघत.

एकाच बाबतीत ते हट्टी आणि कंजूष होते. फूल कोणालाही, रोप कोणालाही नाही. मादरने मागितलं, डॉक्टरणीने मागितलं, नाही म्हणजे नाही. मी विचारलं, "मामा, असं का?" तर म्हणाले, "रोप दिलें जाल्यार सगळ्यांच्याच परसांत फुलां जातलीं. मागीर धक्क्यार म्हजी फांती कोण घेतलें?" आणि स्वतःच लाजल्यासारखे हसले. केरीला त्यांची लेक दिली होती, तिला मात्र दोनदा रोपं पाठवली. पण तिचं घर दर्याच्या काठाला. खाऱ्या वाऱ्याने दोन्ही वेळा पानं करपली. तेव्हा ही अबोली होती ती तेवढ्या दोन ओळींत. जगात दुसरीकडे कुठे नाही.

ती आली कुठून ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पानं पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या लग्नाच्या वेळी फेरीबोट नव्हती. नवरी पलतडची. होडीतून वरात आली आणि वल्हं नवऱ्याच्याच हातात. दुसऱ्या कोणाच्या हातात ते द्यायला हा तयार नव्हता. मध्यावर वारा सुटला आणि नवरीच्या डोक्यावरची सगळी अबोली नदीत गेली. नार्व्याच्या धक्क्यावर ती उतरली ती उघड्या केसांनी. काठावरच्या बायकांनी तोंडं मुरडली. अपशकुनी आली म्हणाल्या.

"हांव थंयच उबो आशिल्लों," मामा म्हणाले. "वल्हें म्हज्या हातांत. वारो येता तो म्हाका दिसतालो. तरी कोणाक एक सबद म्हणूंक ना. नवो नवरो, लज दिसली." बराच वेळ ते एकच पान पुसत राहिले. "तिणें पदराच्या गांठीत बीं हाडिल्लें कुळारचें. तेंच हें. तीस वर्सां संसार केलो बाई, पूण तो दीस ती विसरूंक ना. आतां कुळारचें घरूय ना, परसूंय ना. हीं झाडां तितलीं उरलीं." कुळार म्हणजे माहेर.

म्हणून पहिली उतरणारी बाई मोकळ्या केसांनी गावात शिरता कामा नये. बायको जिवंत असेतो हे त्यांना सुचलं नव्हतं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं.

अबोलीचं झाड तीन-चार वर्षांत थकतं. मग मामा बियांपासून नवीन रोपं करत. माझ्यासमोर त्यांनी एकदाच केली. जुन्या झाडांवरची वाळलेली कणसं काढून ठेवायची, पावसाने माती भिजली की ती कुंडीत उभी रोवायची आणि वर टोपलं पालथं घालायचं. टोपलं कशाला, मी विचारलं नाही. अंगणात शेजारच्या कोंबड्या यायच्या. मला वाटलं त्यांच्यासाठी. मामा हुकूम देत, कारण देत नसत. फेरीवर कारण सांगायला वेळ नसतो.

सहाव्या वर्षी चैत्रात झाडांना मर लागली. आज एक मान टाकी, उद्या दोन. उपटून पाहिली तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी. मामांनी सगळी झाडं उपटून जाळली, माती उलटीपालटी करून उन्हाला टाकली. मला वाटलं, आता म्हातारा खचणार. पण ते म्हणाले, "वांदो ना. बीं आसा." मर लागण्याआधीच त्यांनी कणसं काढून ठेवली होती. सुपात पसरून ती जनेलापाशी उन्हाला ठेवली होती. सूपभर कणसं, वाळून तपकिरी झालेली.

त्याच पंधरवड्यात धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. जन्मभर पाण्यावर उभा राहिलेला माणूस पायरीवर पडला. म्हापशाला नेऊन उपचार केले, आणि मग लेक-जावई त्यांना केरीला न्यायला आले. आधी घरी आणलं, कपडे घ्यायला. गाडीच्या मागच्या सीटवर आडवे झोपूनच त्यांनी मला बोलावलं.

"बाई, सूप सदां वताक दवरात. पावस लागून माती भिजली की कणसां कुंडेंत रोवात. टोपलें धांपात. विसरूं नाकात, टोपलें."

"ना विसरचीं मामा. तुमी वचात. हांव पळयतां."

"दुसऱ्या कोणाक हात लावंक दिवंक नाका."

"ना."

त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी इब्रामपूरला गेले नाही. आईने निरोपावर निरोप धाडले. सुपाची राखण करायची म्हणून राहिले, हे सांगायची लाज वाटली. कपडे शिवून घ्यायचे आहेत असं कळवलं. रोज सकाळी सूप उन्हात, संध्याकाळी आत. स्वतःच्या पोरासारखं जपलं म्हणते, पण मला पोर नाही, तेव्हा ते कसं जपतात मला माहीत नाही.

वैशाख संपत आला होता. त्या आठवड्यात खनिजाची घाई चालली होती, पाऊस तोंडावर आलेला. धूळ इतकी की सुपातली कणसं तांबडी दिसू लागली. मी ती बघत उभी राहिले आणि मला मामांचा फडका आठवला. मामा असते तर त्यांनी ही धूळ एक दिवस तरी राहू दिली असती का? मी फडका घेतला, भिजवला, पिळला. धूळ घरात नको म्हणून सूप घेऊन अंगणाच्या मधोमध बसले. एकेक कणीस हळुवारपणे पुसलं. वरून, मग खालून. पुसून पुन्हा सुपात ठेवलं. सगळं सूप झालं तेव्हा मला इतकं बरं वाटलं.

मग 'ताड' असा आवाज झाला. मागोमाग आणखी एक. फोडणीत मोहरी तडतडावी तसं सूप तडतडू लागलं. काहीतरी माझ्या गालाला लागलं. कणसांवरची इवली बोंडं फुटत होती आणि बिया चारी दिशांना उडत होत्या. मी घाबरून सुपावर पदर घातला. पदराला ओले हात पुसलेले. त्या ओलीने उरलेलीही फुटली.

चौथीच्या पुस्तकात बीजप्रसाराचा धडा आहे. तेरड्याचं बोंड फुटतं, बिया लांब उडतात, हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. काही बोंडं पाणी लागलं की फुटतात, हेही त्यात आहे. टोपलं कशासाठी ते मला त्या अंगणात, रिकाम्या भुसाचं सूप मांडीवर घेऊन बसलेली असताना कळलं.

गुडघ्यांवर रांगून बिया शोधल्या. तिळाएवढं चपटं बी, मातीच्याच रंगाचं. एकोणीस सापडल्या. त्या पाऊस लागल्यावर कुंडीत पेरल्या, टोपलंही घातलं. पण आठ दिवस झड लागली आणि कुंडीत पाणी तुंबलं. एकही वर आली नाही. केरीहून लेकीचं पत्र यायचं: बाबा विचारतात, रुजलीं काय? मी लिहायची, वाट बघते आहे. हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

पावसाळाभर अंगणात टायकिळा आणि गवत माजलं. मी तिकडे फिरकले नाही. त्या अंगणाची मला भीतीच बसली होती. आश्विनात पत्र आलं: बाबा काठीने चालतात, दिवाळीला येणार. मग माझी धांदल उडाली. अबोली नाही तर नाही, निदान अंगण तरी त्यांना हवं तसं दिसावं, फेरीच्या फळीसारखं स्वच्छ. दिवाळीआधी सगळेच अंगण खरडून, चोपून, शेणाने सारवून घेतात. रविवारी मुलांच्या दोन आया मदतीला आल्या. सकाळपासून आम्ही तिघींनी सगळं रान उपटलं, कोयत्याने खरडलं, चोपण्याने जमीन चोपली. दुपारी शेण घातलं. उपटलेल्याचे ढीग माडाच्या बुंध्याशी उन्हात पडले होते.

संध्याकाळी शेवटची पाटी टाकायला मी माडापाशी गेले. ढिगाच्या वरच एक रोपटं होतं, वीतभर. समोरासमोर पानं, कडा किंचित लाटेसारखी, माना टाकलेली. ती पानं मी कित्येक वर्षं वरून-खालून पुसली होती. ओळखायला वेळ लागला नाही. मी पाटी टाकली आणि ढीग उपसू लागले. एक, दोन, पाच. एकूण सत्तावीस निघाली. सगळी माझ्या त्या दिवसाच्या बियांची. पावसाने ती आपण होऊन रुजवली होती, गवताच्या सावलीत वाढवली होती. एकाला तर हिरवं कणीस धरलं होतं आणि त्यातून अर्धवट उघडलेलं एक फूल बाहेर आलं होतं. उकडलेल्या सुंगटाच्या रंगाचं.

लावली. सगळी परत लावली. ओल्या मातीत, सावलीत, पोत्याने झाकून. भरतीची वेळ बघून पाणी घातलं. पण दिवसभर उन्हात पडलेली मुळं ती. चार दिवसांत एकेक करून सगळी सुकली. मामा येण्याच्या आदल्या दिवशी मी ती सुकलेली रोपं फडक्यात बांधली आणि धक्क्यावर जाऊन नदीत सोडली. का? त्यांनी बघू नयेत म्हणून. दुसरं काही कारण नाही.

मामा आले. जावयाचा खांदा आणि काठी यांच्या मधे लटकल्यासारखे. फाटकातच थांबले. सारवलेलं, चोपलेलं, कुठे काडी नसलेलं अंगण त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"बरें केलें बाई," ते म्हणाले. मग कुंडीकडे गेले. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीच्या टोकाने माती उकरून पाहिली. "एकूय रुजलें ना?"

"ना मामा," मी म्हटलं. "एकूय ना."

ते सोप्यावर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, "म्हजेंच चुकलें. बीं कच्चें काडलें आसतलें. हात वळना आतां."

मी तिथेच उभी होते.

मामांना खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं. ते भांडले असते, शिट्टी फुंकली असती, मला खोली सोडायला लावली असती. पण त्यांनी विश्वास ठेवला आणि चूक स्वतःकडे घेतली. आपल्या बायकोच्या माहेरचं बी आपल्याच हाताने वाया गेलं, या समजुतीवर तो माणूस पुढचे चार महिने जगला.

धक्क्यावर जायचं त्यांनी सोडलं नाही. काठी टेकत पहिल्या फेरीला जात आणि रिकाम्या हातांनी उभे राहत. पहिली उतरणारी बाई सवयीने त्यांच्या हातांकडे बघे, मग पुढे जाई. ती मादरही एकदा धावतपळत पहिली उतरली आणि छत्री बंद करून त्यांच्याजवळ उभी राहिली, असं मी ऐकलं. डिचोलीच्या बाजारातून मी दोन वेळा अबोली आणून दिली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली, "हीं बाजाराचीं," म्हणाले आणि तुळशीवर ठेवली.

माघात मला एकदा पणजीला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून पहिल्या फेरीने परतले. फेरीत दुसरी बाईच नव्हती. फळी पडली आणि मी पहिली उतरले. मामा समोर. पांढरं गंजीफ्रॉक, गळ्यात शिट्टी. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले.

"बाई," ते म्हणाले, "तुमी कितलेंय ना म्हणलें तरी हांव दितालों. आतां म्हज्याकडेच ना."

त्या क्षणी मला त्या फुलांसारखं दुसरं काही नको होतं. सहा वर्षं तुळशीला वाहिलेली एकेक फांती मला केसांत हवी होती, सगळ्या गावादेखत. आणि सांगायचंही होतं. 'मामा, तुमचं बी चांगलं होतं. सत्तावीस रोपं आली होती, एकाला फूल धरलं होतं.' एवढंच. तोंड उघडलंही होतं.

"बाजूक जायात," मामा म्हणाले. "फाटल्यान मोटारी येतात."

मी बाजूला झाले.

शिगम्याच्या आधी ते गेले. आजारपण काही नाही; सोप्यावर बसल्या जागी. बाराव्याला लेक मला म्हणाली, "बाई, बाबा म्हणटालो, तुमी तेच्या बियाची खूब जतनाय केली. तेचोच हात उणो पडलो." तिलाही मी सांगितलं नाही. चहाचे कप उचलून आत गेले.

पुढच्या पावसात मी अंगणाला कोणाला हात लावू दिला नाही. टायकिळा कमरेएवढा झाला. मास्तरीणबाईंच्या दारात रान माजलं म्हणून पोरं हसत. कार्तिकापर्यंत मी रोज वाकून एकेक पान बघत असे. काही आलं नाही. मग लेकीने घर विकायला काढलं आणि माझी पेडण्याला बदली झाली.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. कामासाठी, नातेवाइकांसाठी अजून कधीमधी फेरीवर चढावं लागतं, या नदीवर नाही तर दुसऱ्या. फळी पडते, माणसं उठतात, आणि मी बाकाला धरून बसून राहते. मागची एखादी बाई म्हणते, "देंवात मगे आजी, वाट आडावन कित्याक बसल्यात?" मी म्हणते, "तूं हो गो बाय पुढें. पयली तूं देंव."